असईचे गोलंदाज

संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातून निघून हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड, भोकरदन या वाटेने गेलं की शंभर किलोमीटरच्या आतबाहेर असई लागतं. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, शुक्रवारी, दौलतराव शिंद्यांचा दक्षिणेत उतरलेला तोफखाना इथे एका दुपारीत संपला.

इंग्रजांच्या पुस्तकांत ही लढाई आर्थर वेलस्लीची आहे. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. आपल्याकडेही ती बहुतेक त्याच्याच खोगिरावर बसून सांगितली जाते: त्याने उतार कसा हेरला, त्याचे घोडे कसे पडले. मला ती तोफांच्या जागेवरून सांगायची आहे. त्या दिवशी मराठ्यांच्या बाजूने एकाच दलाने आपलं काम शेवटपर्यंत केलं, ते तोफखान्याने. ज्यांच्यासाठी ते लढले ते धनी तोवर रण सोडून गेले होते.

२९ ऑगस्ट, औरंगाबाद

युद्ध सुरू होऊन तीन आठवडे झालेत. वसईच्या तहाने (३१ डिसेंबर १८०२) पेशवा दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीची फौज पदरी घेतली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांना ते मान्य होण्यासारखं नव्हतं. ८ ऑगस्टला वेलस्लीने अहमदनगरची पेठ घेतली, १२ ऑगस्टला किल्ला पडला. आता तो निजामाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, येऊन पोचला आहे.

इथे त्याला कर्नल जॉन कॉलिन्स भेटतो. हा शिंद्यांच्या छावणीत कंपनीचा वकील होता, ३ ऑगस्टला तिथून निघाला. बुटका, जुन्या थाटाचा पोशाख केलेला माणूस. तो वेलस्लीला सांगतो की घोडदळाची फार फिकीर करू नका, पण शिंद्यांचं पायदळ आणि तोफा बघाल तेव्हा चकित व्हाल. बाहेर पडल्यावर वेलस्लीच्या पदरचे तरुण अधिकारी या म्हाताऱ्याची टिंगल करतात. आपल्या शहराच्या वेशीवर दिला गेलेला हा इशारा पुढे अक्षरशः खरा ठरला.

कॉलिन्सने जे पाहिलं होतं ते महादजी शिंद्यांनी उभं केलेलं होतं. १७८४ पासून महादजींनी सव्हॉयच्या बनवा द बॉयन याच्या हाताखाली कवायती पलटणी तयार केल्या. त्यांनाच आपल्याकडे कंपू म्हणत. प्रत्येक पलटणीला स्वतःच्या तोफा, शिवाय मोठ्या तोफांचा वेगळा तळ. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉट कारागीर तोफा ओतून देई. १७९० साली पाटण आणि मेडता इथे राजपुतांच्या घोडदळाची लाट याच तोफांपुढे फुटली. महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ वानवडीला वारले, द बॉयन पुढच्याच वर्षी चाकरी सोडून गेला. तोफा राहिल्या, गोलंदाज राहिले, शिस्त राहिली. बहुतेक गोलंदाज उत्तर हिंदुस्थानातले होते. मराठी बोलणारे त्यांच्यात थोडे असतील. तरी ज्या निशाणाखाली ते उभे होते ते मराठ्यांचं होतं, म्हणून ही माणसं मी आपलीच मानतो.

२१ सप्टेंबर, बदनापूर

वेलस्ली आणि कंपनीच्या दुसऱ्या फौजेचा कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट. शिंदे-भोसल्यांची फौज भोकरदनच्या आसपास आहे अशी हरकाऱ्यांची बातमी. ठरतं असं की दोघांनी दोन वाटांनी जायचं आणि २४ तारखेला एकदम हल्ला करायचा. वेलस्लीने पूर्वेची वाट घ्यायची, स्टीव्हन्सनने पश्चिमेची.

२३ सप्टेंबर, सकाळी ११ च्या सुमारास, नळणी

पहाटेपासून साधारण १४ मैल चालून वेलस्लीची फौज नळणीला थांबली आहे. तंबू ठोकायचे, उद्याची तयारी करायची. तेवढ्यात त्याचे स्वार काही वंजाऱ्यांना पकडून आणतात आणि ते सांगतात की मराठी फौज लांब भोकरदनला नाही, इथून पाच-सहा मैलांवर केळनेच्या पलीकडेच पडली आहे. घोडदळ हलू लागलं आहे, अशीही बातमी येते.

स्टीव्हन्सन एक दिवसाच्या अंतरावर. वाट पाहिली तर शिंदे निसटतील किंवा नळणीच्या सामानसुमानावर चालून येतील. वेलस्ली आजच लढायचं ठरवतो.

दुपारी १ वाजता, केळनेचा दक्षिण काठ

चढावर घोडा आणून वेलस्ली पलीकडे बघतो. भोकरदनपासून असईपर्यंत मैलोगणती पसरलेली छावणी. पश्चिमेकडे घोडदळ, इंग्रजांच्या अंदाजाने ३०-४० हजार. पूर्वेकडे कवायती पायदळ, १० हजारांहून थोडं जास्त. त्यात सर्वांत मोठा कंपू हॅनोव्हरच्या अँथनी पोलमनचा, शिवाय द्यूपाँचा आणि सरधन्याच्या बेगम समरूचा. त्यांच्या पुढ्यात नदीवर रोखलेल्या शंभराच्या आसपास तोफा.

वेलस्लीजवळ लढणारे सुमारे ४,५०० आणि तोफा १७. म्हैसूरचं आणि पेशव्यांचं घोडदळही बरोबर आहे, पण ते तो दक्षिण काठावर पहाऱ्याला ठेवतो. पेशव्यांचे स्वार त्या दिवशी कोणत्या काठावर उभे होते, हेही आपण लक्षात ठेवायला हवं.

या क्षणी सगळे फासे मराठ्यांच्या बाजूने आहेत. समोरून केळना ओलांडून हल्ला केला तर शंभर तोफा नदीतच फौज कापून काढतील. वेलस्लीला ते कळतं. तो पूर्वेकडे, शिंद्यांच्या डाव्या बगलेकडे वळतो.

दुपारी २ ते ३, पिंपळगाव आणि वरुड

वाटाडे सांगतात, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीला दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसतात. मधे येण्याजाण्याची वाट नसेल तर गावं अशी वसली नसती, असा त्याचा तर्क, आणि तो बरोबर निघतो.

मराठ्यांची पहिली चूक ही. उतारावर पहारा नव्हता. असईजवळचा उतार शत्रूला गावं बघून कळला आणि इथे तळ देऊन पडलेल्या फौजेने तो मोकळा सोडला. ही चूक गोलंदाजांची नव्हती. नाकी धरायची हुकमत सरदारांकडे होती.

तोफा मात्र तेवढ्यात बोलू लागतात. उतारावर पहिले गोळे येतात आणि वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं डोकं उडतं. तरी कंपनीची फौज पार होते आणि दोन नद्यांच्या बेचक्यात, पश्चिमेकडे तोंड करून उभी राहू लागते.

दुपारी ३ नंतर

या लढाईतला सर्वांत मोठा लष्करी पराक्रम आता घडतो आणि तो वेलस्लीच्या योजनेत धरलेला नव्हता. त्याला वाटलं होतं की बगलेवर गेलं की दक्षिणेकडे तोंड केलेली मराठी रांग टोकापासून गुंडाळता येईल. पोलमनने ती सगळी रांग काटकोनात फिरवली. हजारो शिपाई आणि त्यांच्याबरोबर तोफा, दारूचे गाडे, बैल, सगळं वळून पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं. उजवं टोक केळनेला, डावं टोक असईच्या मातीच्या भिंतींना. गावातही तोफा.

शत्रू पुढ्यात फळी धरत असताना अशी कसरत करणं युरोपातल्या फौजांनाही सोपं नव्हतं. वेलस्लीने स्वतः नंतर लिहिलं की आपलं पायदळ सोडलं तर हिंदुस्थानात एवढं चांगलं पायदळ त्याने पाहिलेलं नाही, आणि या फौजेची सामग्री टिपूच्या सामग्रीहून कितीतरी सरस होती. महादजी जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी त्यांनी लावलेली शिस्त त्या दुपारी रानात उभी होती.

दुपारी साडेतीन ते साडेचार

तोफांचा मारा सुरू झाला. एक गोळा सुटायला किती हात लागतात ते ध्यानात घ्या: नळीत ओला पोचारा फिरवून धग विझवायची, दारूची थैली सारायची, गोळा घालायचा, ठासायचं, कानात रंजक भरायची, नेम धरायचा आणि बत्ती द्यायची. एका माणसाचा हात चुकला तर सगळे भाजतात. हे काम शंभर जागी, शत्रू चालून येत असताना, धुरात, न थांबता चाललं होतं.

कंपनीच्या १७ तोफा पुढे आणल्या गेल्या आणि थोड्याच वेळात निकामी झाल्या. तोफा ओढणारे बैल पडले, गोलंदाज पडले. शेवटी वेलस्लीने तोफा मागे टाकून पायदळाला नुसत्या संगिनींवर पुढे सोडलं. हा मारा इतका भयंकर होता की आपले शिपाई पुढे सरतील की नाही याची शंका वाटली, असं त्याने कबूल केलं आहे. श्रीरंगपट्टणचा वेढा पाहिलेल्या सेनानीचे हे शब्द आहेत.

असईच्या बाजूला तर कहर झाला. कर्नल ऑरॉकला गावाच्या माऱ्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. तो चुकून सरळ गावाकडे निघाला आणि त्याच्यामागे ७४ वी हायलँडर पलटण. गावातल्या आणि रांगेतल्या तोफांनी त्यांना समोरून आणि बाजूने भाजून काढलं, वरून मराठी स्वार आले. सुमारे ५०० पैकी मेलेले आणि जखमी मिळून ४०० च्या आसपास. पलटण प्रेतांच्या आडोशाने चौक करून उभी राहिली. कर्नल मॅक्सवेलच्या घोडदळाने धाव घेतली नसती तर तिचा मागमूस राहिला नसता.

त्या घटकेला असईची लढाई मराठ्यांनी जवळजवळ जिंकलेली होती, असं माझं मत आहे. इंग्रजांची उजवी बगल मोडली होती, तोफा गप्प होत्या. पश्चिमेकडे हजारो स्वार ताजेतवाने उभे होते. त्यांनी एकवटून एक धडक मारायची होती. ती धडक आली नाही. दौलतराव आणि रघुजी लढाईला तोंड लागताच रणातून निघून गेले होते. हुकूम द्यायला कोणी उरलं नव्हतं.

दुपारी साडेचार ते ५, केळनेची बाजू

डाव्या बगलेला ७८ वी हायलँडर पलटण आणि मद्रासचे शिपाई तोफांवर चालून आले. अगदी जवळ येऊन बंदुकांची एक फैर आणि मग संगीन.

इथे पायदळ मागे हटलं. गोलंदाज हटले नाहीत. तोफ सोडून पळायला वेळ होता. तरी ते ठासणी आणि पोचाऱ्याचे दांडे हातात घेऊन तोफेजवळच लढले आणि तोफेजवळच पडले. हे इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे, तेव्हा यात आपल्या अभिमानाची भर नाही. एक रांग पडली. कंपनीचे शिपाई तोफांवरून पुढे गेले आणि मद्रासच्या पलटणी पळणाऱ्यांच्या मागे जुईकडे लांबवर धावल्या. तोफा जिंकल्या असं सगळ्यांनी धरलं. घाईत त्यांच्या कानांत मेखाही ठोकल्या गेल्या नाहीत.

५ वाजता

आणि मग पडलेले गोलंदाज उठले.

सगळे मेले नव्हते. काही जखमी होते, काही तोफेखाली प्रेतांमध्ये निपचित पडून राहिले होते. वरून शत्रूची रांग जाऊ दिली आणि ती पुढे सरकल्यावर उठून त्यांनी तोफा फिरवल्या. आता त्यांची तोंडं पूर्वेला नव्हती, पश्चिमेला, पुढे गेलेल्या कंपनीच्या फौजेच्या पाठीकडे होती. पाठीमागून गोळे आणि छर्रे येऊ लागले तेव्हा जिंकलेल्या रांगेत गोंधळ उडाला.

इंग्रज लेखकांपैकी काहींनी याला कपट म्हटलं. मी ते मान्य करत नाही. धनी निघून गेलेले, पायदळ हटलेलं, स्वार आलेले नाहीत. शरण गेले असते तर जगले असते. त्यांनी पुन्हा तोफेला हात लावला तो मरायचं हे पक्कं जाणून. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना असाच आधाराविना शेवटपर्यंत लढला होता. गारद्याचं नाव तरी आपल्याला ठाऊक आहे. असईच्या या माणसांपैकी एकाचंही नाव शाळेतलं पोर सांगू शकणार नाही.

वेलस्लीला पुढचं सोडून मागे वळावं लागलं. ७८ व्या पलटणीने तोंड फिरवलं, तो स्वतः ७ व्या मद्रास घोडदळाला घेऊन तोफांवर आला. त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. या गर्दीत त्याच्या घोड्याला भाला लागला. आधी एक घोडा गोळीने पडलाच होता. या खेपेला मात्र तोफेजवळ कोणाला उठायला जागा ठेवली नाही.

साडेपाच ते ६

पोलमनच्या पलटणी जुईच्या काठावर पुन्हा रांग धरून उभ्या होत्या. त्यांच्यावर चालून जाताना मॅक्सवेल मारला गेला. मग त्या पलटणी बऱ्यापैकी शिस्तीत नदीपार निघून गेल्या. बेगम समरूचा कंपू छावणीच्या रखवालीला होता, तो फारशी झळ न लागता निघाला. पोलमनने पुढे कंपनीचीच चाकरी धरली. इतर काही युरोपीय अधिकारी ऑक्टोबरात स्टीव्हन्सनच्या हवाली झाले. कंपनीने २९ ऑगस्टलाच जाहीरनामा काढून त्यांना पेन्शनचं आमिष दाखवलं होतं. गोलंदाजांना कोणी पेन्शन देऊ केली नव्हती.

६ वाजता रण शांत झालं. तोफा मागेच राहिल्या: ९८, बहुतेक इतिहासकार हाच आकडा देतात. त्या इतक्या चांगल्या प्रतीच्या होत्या की कंपनीच्या फौजेतही वापरता येतील, असा इंग्रज अधिकाऱ्यांचाच अभिप्राय होता.

२४ सप्टेंबर

स्टीव्हन्सन संध्याकाळी येऊन पोचला. तोफांचा आवाज त्याने आदल्या दिवशी ऐकला होता.

कंपनीचा हिशेब: ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. लढणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त. जखमींना पुढे अजिंठ्याला हलवलं. मराठ्यांचे रणात पडलेले सुमारे १,२०० असं इंग्रजांचं म्हणणं, जखमी त्याच्या कितीतरी पट. त्यांची नोंद पलटणवार कोणी ठेवली नाही.

त्यानंतर सगळं भराभर झालं. १६ ऑक्टोबरला बऱ्हाणपूर, २१ ला असीरगड. १ नोव्हेंबरला उत्तरेत लासवारीला शिंद्यांचे उरलेले गोलंदाज पुन्हा तोफांजवळच मेले. २९ नोव्हेंबरला अकोल्याकडचं अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावचा तह केला, ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा. महादजींनी दहा वर्षं खपून उभं केलेलं लष्कर पाच महिन्यांत मोडलं.

पुष्कळदा असं सांगितलं जातं की मराठ्यांनी गनिमी कावा सोडून कवायती फौज आणि तोफांचा नाद धरला म्हणून ते बुडाले. असईचे तास नीट लावून पाहिले तर हे टिकत नाही. तोफांनी साडेचार हजारांच्या फौजेतले दीड हजार पाडले. मोडलं ते वरचं सगळं: उतार मोकळा ठेवणारे सरदार, लढाईच्या तोंडाशी निघून जाणारे दोन राजे, उभ्या उभ्या बघत राहिलेलं घोडदळ. नव्या पद्धतीचं लष्कर उभारलं, पण ते चालवणारी हुकमत परक्या, भाडोत्री अधिकाऱ्यांच्या हाती ठेवली. दोष द्यायचा तर तो तिथे द्यावा.

इंग्रजांनी आपल्या माणसांची आठवण नीट ठेवली. ७४ व्या, ७८ व्या पलटणीला आणि १९ व्या घोडदळाला असईचं नाव आणि हत्तीचं चिन्ह मिळालं. त्यांच्या बाजूने लढलेल्या मद्रासी शिपायांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही असईचा हत्ती आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. ते शिपाईही शूरच होते. पण समोरच्या बाजूने मेलेले गोलंदाजही याच देशाचे होते.

आपला तोफखाना दरवर्षी २८ सप्टेंबरला गनर्स डे पाळतो. १८२७ साली त्या तारखेला मुंबईच्या गोलंदाज बटालियनची आठवी कंपनी उभी राहिली, तीच आजची ५ मुंबई माउंटन बॅटरी. असईचा दिवस त्याच्या पाच दिवस आधी येतो. तोफखान्याचं शिक्षण देणारं देवळालीचं केंद्र आपल्याच राज्यात आहे. २३ सप्टेंबरला त्यांची एक तुकडी असईला येऊन या अनाम गोलंदाजांना मानवंदना देऊ शकते. सरकारने हे मनावर घ्यावं, आणि जालना आणि संभाजीनगरच्या लोकप्रतिनिधींनी त्याचा पाठपुरावा करावा.

तोवर आपण वाट बघायची गरज नाही. उस्मानपुऱ्यातल्या, शहरातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: दौलताबाद आणि वेरूळच्या सहलींबरोबर एकदा मुलांना असईलाही न्या. केळनेच्या काठावर उभं करून त्यांना आधी गोलंदाजांची गोष्ट सांगा, वेलस्लीची नंतर.